सिंकमध्ये ओतलेली ऑर्व्हल

गेल्या हिवाळ्यात बेल्जियमच्या लूव्हन शहरातल्या एका मित्राकडे आम्ही बसलो होतो, तेही रीतसर बिअर चाखायला. त्याने बरीच तयारी केली होती. टेबलावर छोटे ग्लास, मधोमध पाण्याचा जग, पावाचे तुकडे, आणि प्रत्येकाच्या हातात एक छापील तक्ता: रंग, फेस, वास, चव, एकूण गुण दहापैकी. बाटल्या स्वयंपाकघरात, नावं झाकलेली. एकेक फेरी यायची, ग्लासात दोन बोटं बिअर पडायची, सगळे हुंगायचे, दोन घोट घ्यायचे, पेनं चालायची, ग्लास विसळला की पुढची. मध्येच एका फेरीला नारिंगी झाक असलेली, फेसाने उसळणारी एक बिअर आली. तोंडात धरताच कळलं, ही ऑर्व्हल, इथल्या एका ख्रिस्ती मठात होणारी बिअर. दोघांनी तोंड वाकडं केलं, ‘फार कडू आहे यार’ असं कुणीतरी म्हणालं, साडेपाच-सहा असे गुण पडले. पुढची बाटली उघडायची घाई होती, म्हणून यजमानाने हातातली अर्धी बाटली सिंकमध्ये उपडी केली. जाळीवर फेसाचा ढीग जमला आणि सावकाश खाली गेला. आमच्यात एकच बेल्जियन माणूस होता, त्याच मजल्यावर राहणारे एक निवृत्त फ्लेमिश आजोबा. त्यांनी आपला ग्लास अजून तोंडाला लावलाच नव्हता, नाकाशी धरून बसले होते. ओतल्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली आणि मला हळूच विचारलं, ‘ती खराब झाली होती का?’

मी नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पहिला घोट घेतला.

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. पानात टाकू नये हे आपल्याकडे लहानपणापासून कानी पडलेलं असतं, त्यामुळे ओतून देणं खुपायचंच. पण मला त्याहून जास्त टोचलं ते हे की त्या बिअरला आम्ही निकाल देऊन टाकला होता आणि तो निकाल देताना तिची ओळखसुद्धा झालेली नव्हती. त्या रात्री पहिला नंबर आला रॉशफोर 10 चा. 11.3 टक्के अल्कोहोल, गडद तपकिरी रंग, पहिल्याच घोटात मनुका, अंजीर, करपवलेली साखर आणि घशात उतरणारी ऊब. फार मोठी बिअर आहे, तिच्या थोरवीबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दोन घोटांच्या परीक्षेत ती हरणारच कशी? जिचं सगळं म्हणणं पहिल्या घोटातच तोंड भरून उरतं, ती अशा परीक्षेत पुढे जाते. गोडवा, मद्याची ऊब, फळांचा दाट वास यांना लगेच गुण मिळतात. कडवटपणा, कोरडेपणा, आंबटपणा यांना जिभेची ओळख पटायला वेळ लागतो, आणि वेळ तर आपण दिलेलाच नसतो. जगातल्या उत्तम बिअरच्या म्हणून ज्या याद्या फिरतात त्यांत बेल्जियमच्या वाट्याला वर्षानुवर्षं वेस्टव्लेटेरन 12, रॉशफोर 10, सेंट बर्नार्डस आब्ट 12 अशा काळ्याभोर, दहा टक्क्यांच्या आसपासच्या बिअरच का येतात, याचं निम्मं उत्तर मला तरी त्या छोट्या ग्लासांत दिसतं.

आता तीच ऑर्व्हल तिच्या जागी, तिच्या वेळाने प्यायली तर काय होतं ते सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना कॅफे आहे. लाकडी बाकं, काळवंडलेलं छत, दुपारी चारला पेपर वाचत बसलेली म्हातारी मंडळी. तिथे ऑर्व्हल मागितली की मालकीणबाई विचारतात, ताजी देऊ की जुनी? तळघरात त्या काही क्रेट मुद्दाम राखून ठेवतात. हा प्रश्न इथल्या बऱ्याच कॅफेंत विचारला जातो, कारण ही बिअर बाटलीतही थांबत नाही. मठातून निघण्यापूर्वी तिच्यात नेहमीच्या यीस्टबरोबर ब्रेटानोमायसीज नावाचं एक रानटी यीस्ट पडलेलं असतं. नेहमीचं यीस्ट जी साखर सोडून देतं, ती हे यीस्ट महिनोन्महिने कुरतडत राहतं. बाटलीवर भरल्याची तारीख छापलेली असते, ती बघायची. दोन-तीन महिन्यांची असेल तर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, वास वर असतो, संत्र्याची साल, फुलं, ताजं कापलेलं गवत, आणि स्वच्छ कडवटपणा. वर्ष उलटलं की हॉप्स मागे सरतात आणि वाळकं गवत, चामडं, गोठ्याच्या आसपासचा एक ओला वास पुढे येतो, चव आणखी कोरडी होते.

कॅफेची मालकीण ग्लास आधी गार पाण्याने विसळते, पुसत नाही. रुंद तोंडाचा, जाड देठाचा, पेल्यासारखा ग्लास. बाटली तिरकी धरून एका धारेत ओतते आणि तळाशी बोटभर बिअर गाळासकट ठेवून देते. बाटली शेजारीच ठेवते, हवी तर नंतर घ्या. फेस इतका दाट की पहिला घोट फेसातूनच येतो आणि तो कडू लागतो, अगदी आमच्या त्या तक्त्यावर लिहिला गेला तेवढा कडू. चौथ्या-पाचव्या घोटाला जीभ त्या कडवटपणाला सरावते आणि त्याच्या पाठीमागचं दिसायला लागतं. ग्लास हाताच्या उबेने थोडा तापला की वास उघडतो. फ्रिजमधल्या थंडगार ऑर्व्हलला वासच नसतो, तिला बारा-चौदा अंश लागतात. फेस खाली बसताना काचेवर एकाखाली एक पांढऱ्या कडा सोडत जातो आणि त्या कडा मोजल्या की आपण किती वेळा थांबून प्यायलो ते कळतं. अर्ध्यावर आल्यावर चीजचे चौकोनी तुकडे येतात, सोबत मोहरीची चटणी आणि सेलरीचं मीठ. हा इथला चखणा. खारट चीजवर ती बिअर घेतली की तोंड धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि पुढचा तुकडा उचलावासा वाटतो. शेवटच्या दोन घोटांत गोडवा कुठेच उरलेला नसतो, म्हणूनच दुसरी मागवावीशी वाटते. ही गोष्ट तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

या बिअरमागचा मठ फ्रान्सच्या सीमेजवळ, गोमच्या जंगलात आहे. मूळ मठ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात उद्ध्वस्त झाला. 1926 मध्ये तिथे पुन्हा साधू राहायला आले आणि बांधकामाचा खर्च भागवायला 1931 मध्ये ब्रूअरी सुरू केली. लेबलवर तोंडात अंगठी धरलेला ट्राउट मासा दिसतो. तुस्कानीच्या मातिल्दा नावाच्या सरदारीणीची (काउंटेसची) झऱ्यात पडलेली अंगठी त्याने वर आणून दिली अशी दंतकथा आहे. बाजारासाठी हा मठ मुळात ही एकच बिअर करतो. एकाच गोष्टीवर इतकी वर्षं काम करत राहणं मला फार मोठं वाटतं.

आई दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इथे आली होती. ती पीत नाही. मी पिते हे तिला माहीत आहे आणि ते तिला पूर्ण पटलेलं नाही, दर फोनला नसलं तरी अधूनमधून ‘किती पितेस गं?’ हा प्रश्न येतोच. आम्ही चौकातल्या उन्हात बसलो होतो, तिच्यासमोर लिंबू सरबत, माझ्यासमोर हूगार्डनचा तो षटकोनी जाड ग्लास. वारा तिच्या बाजूने होता बहुतेक, कारण अचानक तिने ग्लास स्वतःकडे ओढला, नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘यात धणे घातलेत.’ मी काही सांगितलेलं नव्हतं. तिने पुन्हा हुंगलं. ‘धणे आहेत आणि कसलीतरी साल. भाजलेले नाहीत, कच्चेच भरडलेत.’ आणि ग्लास परत माझ्याकडे सरकवला. इथल्या पांढऱ्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल पडते हे मी पुस्तकात वाचून शिकले होते. आयुष्यभर मसाला कुटलेल्या बाईने ते एका झुळकीत सांगितलं. तिने त्यातला थेंबही जिभेवर ठेवला नाही, पण मी आजवर पाहिलेली सर्वांत अचूक चाखणी तीच.

हूगार्डन हे मुळात गावाचं नाव, लूव्हनपासून जवळच. तिथे पांढऱ्या बिअरची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती आणि 1957 मध्ये तिथली शेवटची ब्रूअरी बंद पडली. पिअर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने तरुणपणी त्या ब्रूअरीत हाताखाली काम केलं होतं. गावातली बिअर गेल्याची हळहळ सगळेच करत होते, याने 1960 च्या दशकात ती स्वतः पुन्हा करायला घेतली. आज जगभर जी ‘बेल्जियन विट’ म्हणून ओळखली जाते ती त्याच्या हातून परत आली. पुण्यात 2009 मध्ये डुलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाली, त्यानंतर मुंबई-पुण्यात मायक्रोब्रूअऱ्या उगवत गेल्या आणि आज त्यांच्या फळ्यावर विट नाही असं क्वचितच होतं. पुण्याच्या माझ्या भावाला बेल्जियन बिअर म्हणजे तीच वाटते, ढगाळ, हलकी, संत्र्याची फोड लावलेली. त्याला मी कधी टोकत नाही. दुपारच्या उन्हात घटाघट प्यायची ती उत्तम बिअर आहे, आणि गुण देत बसलं तर तीही आमच्या तक्त्यावर खालीच जाईल.

इथे येणारा प्रत्येक पाहुणा मला एक तुलना हमखास विचारतो: वेस्टव्लेटेरन 12 आणि सेंट बर्नार्डस आब्ट 12. विचारण्याजोगीच आहे ती. वेस्टव्लेटेरनच्या सिंट सिक्स्टस मठातल्या साधूंना दुसऱ्या महायुद्धानंतर बिअरच्या व्यापाचा ताप नको होता. म्हणून 1946 मध्ये त्यांनी जवळच्याच वाटू गावातल्या एका चीज करणाऱ्याला आपल्या नावाने बिअर करायचा परवाना दिला. तो करार 1992 पर्यंत चालला, मग साधूंनी नाव परत घेतलं आणि वाटूची बिअर सेंट बर्नार्डस म्हणून स्वतःच्या पायावर उभी राहिली. म्हणजे मूळ एक आणि आता घरं दोन. त्यांतल्या एका घरची बिअर कुठल्याही सुपरमार्केटात मिळते. दुसऱ्या घरची घ्यायची तर पूर्वी मठात फोन लावत बसावं लागे, गाडीचा नंबर द्यावा लागे आणि ठरल्या वेळी फाटकाशी जाऊन लाकडी क्रेट उचलावी लागे. 2019 पासून नोंदणी ऑनलाइन झाली. बाटलीला वर्षानुवर्षं कागदी लेबल नव्हतं, जे काय असेल ते बुचावर, बाराचं बूच पिवळं. एवढ्या खटाटोपाने आणलेली बाटली उघडताना हात आपोआप हळू होतो आणि चव त्याच क्षणी निम्मी ठरून जाते. 2005 मध्ये एका संकेतस्थळावर जगातली उत्तम बिअर म्हणून तिचं नाव आलं आणि मठाच्या दारापर्यंत गाड्यांच्या रांगा लागल्या. साधूंनी मात्र उत्पादन वाढवलं नाही.

मी दोन्ही शेजारी ठेवून प्यायले आहे, नवऱ्याबरोबर, पूर्ण ग्लास, एकाच तळघरात मुरलेल्या. पहिल्या घोटात फरक उघड असतो. आब्टमध्ये मसाल्याचा वास वर, लवंग, पिकलेलं केळं, अंगाने थोडी हलकी आणि चुळबुळी. वेस्टव्लेटेरन गप्प, गडद, खजूर आणि कोकोचा वास, घोट जाड. पंधरा मिनिटांनी उलटं होतं. आब्ट गोडाकडे झुकते, ग्लासाच्या तळाशी तिचं केळं मला जड वाटायला लागतं. वेस्टव्लेटेरन मात्र कोरडी होत जाते आणि शेवटपर्यंत घोट नवा राहतो. माझं मत विचाराल तर वेस्टव्लेटेरन सरस आहे, पण तिच्यामागे धावत यावं आणि आब्टला नाक मुरडावं इतकी नाही. आणि हे मत पहिल्या दोन घोटांवर मागितलं असतं तर मी नक्की आब्टच्या बाजूने बोलले असते.

ज्या मठांची नावं आपण इतक्या भक्तीने घेतो, त्या मठांतले साधू स्वतः काय पितात हेही बघायला हवं. ते जेवणाबरोबर दहा टक्क्यांची बिअर घेत नाहीत. वेस्टमालेत ‘एक्स्ट्रा’ नावाची 4.8 टक्क्यांची फिकट बिअर वर्षातून मोजक्या वेळा व्हायची, मठाच्या पंगतीपुरती. शिमेची ‘दोरे’ तशीच, तेवढ्याच ताकदीची. आता दोन्ही बाजारात मिळतात. जड बिअर विकायला आणि हलकी बिअर प्यायला, अशी ही साधी वाटणी. जड बिअरना इतका भाव यायला कायद्याचाही हातभार होता असं इथे सांगतात. 1919 च्या व्हान्डरव्हेल्ड कायद्याने कॅफेत कडक दारू द्यायला बंदी आली, ती पुढे कित्येक दशकं टिकली, आणि गिऱ्हाइकाची ताकदीची भूक ब्रूअरीवाल्यांनी बिअरमधून भागवली. त्यातही वेस्टमालेच्या साधूंनी 1934 मध्ये जी ट्रिपेल नावाची सोनेरी, ताकदीची बिअर आणली आणि 1956 मध्ये जी आजच्या रूपाला आली, तिचं मला विशेष वाटतं. 9.5 टक्के आहे हे जिभेला कळतच नाही. माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याबरोबर, साखर घालतात, आणि साखर यीस्ट पार खाऊन टाकतं. त्यामुळे अल्कोहोल चढतं पण अंग जड होत नाही. गोड बिअर करायला साखर घालतात असं वाटतं, पण इथे ती कोरडी करायला घालतात. ती शेवटच्या घोटापर्यंत पिता यावी याची काळजी भट्टीवरच घेतलेली असते.

बेल्जियमच्या ट्रॅपिस्ट मठांतून, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या मठांतून, बाहेर पडणारी बिअर आता पाचच उरली आहे: वेस्टमाले, वेस्टव्लेटेरन, शिमे, रॉशफोर, ऑर्व्हल. आखेलच्या मठात साधूच उरले नाहीत म्हणून 2021 मध्ये तिचा ट्रॅपिस्ट शिक्का गेला. बिअर अजून होते, चांगलीही होते. तरी ती उघडताना मला दर वेळी थोडं वाईट वाटतं.

आणि मग लाम्बिक, ब्रसेल्सकडची आंबट बिअर. हिच्याबद्दल लिहायला मला स्वतंत्र लेख लागेल, तरी हिला वगळून चाखण्याबद्दल बोलताच येणार नाही. ब्रसेल्सच्या मिडी स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, आन्डरलेख्टच्या एका साध्या गल्लीत कान्तियों ही लाम्बिकची ब्रूअरी आहे, 1900 सालापासून. बाहेरून गॅरेज वाटतं. आत शिरलं की ओलं लाकूड, जुनी सफरचंदं आणि तळघराचा वास येतो. माळ्यावर तांब्याचा एक प्रचंड, उथळ हौद आहे. उकळलेला माल्ट आणि गव्हाचा काढा रात्री त्यात पसरून ठेवतात, छपराच्या फटी उघड्या असतात, सकाळपर्यंत तो निवतो आणि तेवढ्यात हवेतलं जे काय त्यात उतरायचं ते उतरतं. बाकीच्या बहुतेक बिअरना यीस्टचं विरजण लागतं, हिला कुणी विरजण लावतच नाही. म्हणूनच हे काम थंडीतच चालतं, उन्हाळ्यात हवेत नको ते फार असतं. पिंपांवरची कोळिष्टकं झाडत नाहीत, कारण कोळी माश्या खातात आणि फळं आली की माश्या येतातच. हॉप्स मुद्दाम जुने, वास उडालेले घालतात, टिकण्यापुरते. मग एक, दोन, तीन वर्षं पिंपात. एकेक पीप चाखून, कोवळी आणि मुरलेली लाम्बिक एकमेकींत मिसळून बाटलीत भरली की ती ग्योझ. कोवळीतली उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस धरते.

तिथे फेरी संपल्यावर आधी नुसती लाम्बिक देतात, फेस नसलेली, मऊ, सपाट, किंचित आंबट. मग ग्योझ. पहिला घोट घेताना माझ्या शेजारच्या मुलीचे डोळे मिटले आणि खांदे वर गेले. आंबटच आहे ती, लिंबाच्या जवळ जाणारी, आणि पाठीमागे दगडी भिंतीचा, ओल्या पोत्याचा वास. चिपळूणला कैऱ्या मीठ लावून खाल्लेल्या माझ्या दातांनासुद्धा ती झोंबली. दुसऱ्या घोटाला तोंडाला पाणी सुटलं. तिसऱ्याला आंबटपणा मागे गेला आणि एक गव्हाळ, सायीसारखा मऊपणा आला. तो आधीपासून होताच, जिभेला पोचत नव्हता. जुन्या ब्रसेल्सात ही बिअर पावावर पांढरं ओलं चीज, मुळ्याच्या चकत्या आणि पातीचा कांदा घालून खात पितात. तसं खाल्लं की अर्धी बाटली कधी संपली ते कळत नाही. ती मुलगी शेवटी भावाचा ग्लासही पिऊन उठली. तिच्या हातात पहिल्या घोटानंतर तक्ता दिला असता तर तिने काय लिहिलं असतं ते मला चांगलं माहीत आहे.

चाखण्याचं शास्त्र आहे आणि ते मी मानते. इथल्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी 250 बेल्जियन बिअर घेतल्या, त्यांतली दोनशेवर रासायनिक द्रव्यं आणि गुणधर्म मोजले, 16 प्रशिक्षित चाखणाऱ्यांकडून प्रत्येक बिअर तपासून घेतली आणि लोकांनी इंटरनेटवर लिहिलेले लाखाहून जास्त अभिप्राय संगणकाला वाचायला लावले. चाखण्याचंच काम तीन वर्षं चाललं. 2024 मध्ये ते छापून आलं. कुठल्या द्रव्यांच्या मेळाने बिअर आवडते याचा अंदाज संगणकाला बराच लागतो, आणि ती द्रव्यं थोडी वाढवली तर तीच बिअर चाखणाऱ्यांना जास्त आवडते, असं त्यांना दिसलं. ज्या यीस्टने माणसाला हजारो वर्षं सोबत केली त्याच्याकडे इतक्या चिकाटीने बघणाऱ्या या लोकांबद्दल मला आदरच आहे. फक्त आमच्यासारख्या हौशी मंडळींनी त्यांचा तक्ता उचलला आणि त्यांची तीन वर्षं तिथेच ठेवली.

यजमान मित्राशी मी नंतर यावर बोलले. त्याचं म्हणणंही खोटं नाही. तेवढ्या बिअर पूर्ण ग्लास प्यायचं म्हटलं तर माणसं घरी कशी जाणार? दहा टक्क्यांची एक बाटली म्हणजे साध्या बिअरच्या दोन. शिवाय उरलेली कुणाच्या गळी उतरवायची? सगळं खरं. मग मी म्हणते, इतक्या उघडायच्याच कशाला? एका संध्याकाळी दोन. फार तर तीन, आणि प्यायला माणसं जास्त. जोड्या मात्र विचार करून लावायच्या. वेस्टमालेची ट्रिपेल आणि ड्यूव्हल: दोन्ही सोनेरी, दोन्ही ताकदीच्या, पण ड्यूव्हल फेसावर उभी आणि ट्रिपेलला केळ्याचा, मधाचा पोत. वेस्ट फ्लान्डर्समधली रोडेनबाख आणि एखादी ग्योझ: दोन्ही आंबट, पण रोडेनबाखचा आंबटपणा उंच लाकडी पिंपांतून येतो, त्याला चेरीचा आणि व्हिनेगरचा स्पर्श असतो. सेझाँ द्युपाँ आणि ताजी ऑर्व्हल: शेतावरच्या मजुरांच्या परंपरेतली एक आणि मठातली एक, दोन्ही कोरड्या, दोन्ही जेवणाच्या. बाटल्या फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढायच्या. ग्लास पूर्ण संपवायचा आणि मगच बोलायचं. ज्याचा त्याचा ग्लास इथे ज्या निष्ठेने जपतात ती मला सुरुवातीला हौस वाटायची, आता त्यातली काळजी दिसते. हव्या त्या बिअरचा ग्लास धुवायला गेला असेल तर कॅफेतली बाई सांगते, थोडं थांबा. आणि लोक थांबतात. 2016 मध्ये युनेस्कोने बेल्जियमची बिअर संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. माझ्या मते त्या नोंदीत या थांबण्याचाही वाटा असणार.

नंबर एक कोणती, हे तरीही विचारलं जातंच, आणि टाळाटाळ मला आवडत नाही. हिवाळ्यात रात्री जेवणानंतर, वाटून प्यायची असेल तर रॉशफोर 10. तिथे ती पहिलीच. पण एकच बिअर निवडून तीच प्यायची असेल, दुपारी, संध्याकाळी, माशाबरोबर, चीजबरोबर, भांडण झालेलं असताना आणि मिटलेलं असताना, तर ऑर्व्हल, सहा-सात महिन्यांची, जेव्हा हॉप्स अजून गेलेले नसतात आणि रानटी यीस्टने नुकतं तोंड उघडलेलं असतं. इकडे येणार असाल तर बाटली उचलताना लेबलवरची भरल्याची तारीख आधी बघा. दुकानदार पुढची बाटली देईल, मागच्या रांगेत बहुतेक वेगळ्या तारखेची असते. दोन्ही घ्या.